डॉक्युमेंटेशनसाठी पैसे मिळतायत, ते कशावर खर्च करावेत?

पत्र

आम्ही तिघं मिळून एक ओपन सोर्स बॅकअप प्रोग्राम सांभाळतो. तो कमांड लाइनवर चालतो आणि ठरवून दिलेल्या फोल्डरचा एन्क्रिप्ट केलेला बॅकअप दुसऱ्या सर्व्हरवर ठेवतो. प्रोजेक्टला सात वर्षं झाली. वापरणारे बरेच आहेत, पण डॉक्स (म्हणजे डॉक्युमेंटेशन, वापराची माहिती देणारी पानं) जुने आणि अर्धवट आहेत ही तक्रार कायमची. गेल्या वर्षी देणग्यांतून जमलेल्या पैशांत एका टेक्निकल रायटरला काम दिलं. त्यांनी चाळीस पानं लिहून एकाच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशा विनंतीत) पाठवली. ती अजून उघडीच आहे. आम्हाला वाचायला वेळ झाला नाही आणि दरम्यान दोन रिलीज होऊन गेले. आता आमचा प्रोग्राम वापरणारी एक कंपनी ‘डॉक्युमेंटेशन सुधारा’ म्हणून ६,००० डॉलर द्यायला तयार आहे. एवढ्यात काय होईल? चांगला लेखक कसा शोधायचा? आणि हे संपल्यावर पुढचे पैसे कुठून आणायचे?

– तिघांपैकी एक मेंटेनर

उत्तर

लेखक कसा शोधायचा हे आम्ही जरा नंतर सांगतो, कारण तुमच्या पत्रावरून तरी मागच्या वेळी लेखकाचं काही चुकलेलं दिसत नाही. लेखकाने पानं दिली. ती वाचायला माणूस नव्हता. हे दुखणं तसंच ठेवून ६,००० डॉलर घेतलेत, तर वर्षभराने एका उघड्या पुल रिक्वेस्टच्या जागी दोन असतील.

हिशेब करून बघा. एक पान नुसतं लक्ष देऊन वाचायला अर्धा तास धरा. त्यातल्या कमांड चालवून बघायच्या, जुन्या आवृत्तीत काय होत होतं ते आठवायचं, लेखकाला उत्तर लिहायचं, की एक तास सहज जातो. म्हणजे चाळीस पानांचे चाळीस तास. नोकरी सांभाळून संध्याकाळी प्रोजेक्ट बघणाऱ्याकडे आठवड्याला चार तास असले, तरी इश्यू (वापरणाऱ्यांनी नोंदवलेल्या अडचणी), सिक्युरिटी रिपोर्ट, रिलीज सगळं बाजूला सारून दहा आठवडे नुसते डॉक्सच वाचावे लागले असते. ते जमणार नाही हे काम द्यायच्या दिवशीच कागदावर मांडता आलं असतं.

टेक्निकल रायटरला मेंटेनर दोनदा लागतो. एकदा लिहिण्याआधी, प्रोग्राम खरोखर कसा वागतो हे विचारायला. आणि एकदा लिहून झाल्यावर, लिहिलेलं खरं आहे ना हे बघायला. ही माहिती तुमच्या तिघांच्या डोक्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. आडात भरपूर पाणी आहे, पोहरा सोडायला कोणी नाही, अशी ही अवस्था. म्हणून आमचा मुख्य सल्ला असा: या पैशांतला ठरलेला वाटा तुमच्या स्वतःच्या रिव्ह्यूच्या तासांसाठी काढून ठेवा, कंपनीला तसं उघड सांगा, आणि त्या तासांत जेवढी पानं तपासून होतील तेवढीच लिहायला द्या. किती पानं हे लेखकाच्या वेगावरून ठरवलंत की फसगत होते.

स्वतःच्या कामाचे पैसे घ्यायला अनेक मेंटेनरना संकोच वाटतो. तो बाजूला ठेवा. पैसे देणाऱ्या कंपनीत हेच काम झालं असतं तर जाणकार इंजिनिअरचे तास त्यांनी धरलेच असते. तुमच्यापैकी कोणाच्या नोकरीच्या करारात बाहेरचं मानधन घ्यायला मनाई असेल, तर ते आधी वाचून घ्या आणि रिव्ह्यूचं काम ज्याला पैसे घेता येतात त्याच्याकडे द्या. मानधन कोणाला, किती आणि कशासाठी, हे प्रोजेक्टमध्ये सर्वांना दिसेल असं लिहून ठेवा. वर्षानुवर्षं फुकट टायपो दुरुस्त करणारा कंट्रिब्यूटर दुखावतो तो पैसे दिल्यामुळे नव्हे, त्याला ते दुसरीकडून कळल्यामुळे.

ही अडचण फक्त तुमची नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटने २०१७ मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात अपुरं किंवा जुनं झालेलं डॉक्युमेंटेशन ही अडचण ९३ टक्के लोकांनी नोंदवली होती. त्याच सर्वेक्षणात ६० टक्के कंट्रिब्यूटरनी आपण डॉक्समध्ये क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही असं सांगितलं. हे दोन आकडे शेजारी ठेवले की पैशांची गरज कुठे आहे ते कळतं.

‘डॉक्स सुधारा’ हे काम होत नाही

कंपनीच्या मेलमधले हे दोन शब्द जसेच्या तसे करारात जाऊ देऊ नका. त्यांचा अर्थ लेखक एक लावेल, कंपनी दुसरा आणि तुम्ही तिसरा. आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधा. त्यासाठी पैसे लागत नाहीत, एक दुपार लागते.

शेवटचे २०० इश्यू आणि चॅटमधले तेवढेच प्रश्न घ्या. स्प्रेडशीटमध्ये चार रकाने करा: माणूस काय करायला निघाला होता, कुठे अडला, उत्तर डॉक्समध्ये होतं का, असेल तर त्याला ते का सापडलं नाही. वर्गवारी ‘इन्स्टॉलेशन’, ‘कॉन्फिगरेशन’ अशी तुमच्या कोडच्या भागांवरून करू नका. ‘नव्या मशीनवर बॅकअप परत आणायचा होता’, ‘रात्री आपोआप चालवायचं होतं’ अशी माणसाच्या कामावरून करा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये पाच-सहा ओळींतच निम्म्याहून जास्त प्रश्न गोळा होतात. त्या पाच-सहा ओळी म्हणजे तुमची पहिली पानं.

तुमच्यासारख्या प्रोग्राममध्ये ‘रीस्टोअर’ (बॅकअप परत आणणं) ही ओळ वर येईल अशी आमची अटकळ आहे, म्हणून ते एक पान जवळून बघू. साधारणपणे तिथे असं काहीतरी लिहिलेलं असतं: ‘रीस्टोअर कमांडला स्नॅपशॉटचा क्रमांक आणि फाइली कुठे ठेवायच्या ते ठिकाण द्या.’ यात चूक काहीच नाही. पण हे पान कोण उघडतं? ज्याची डिस्क आत्ताच गेली आहे तो. त्याचं जुनं मशीन उरलेलं नाही, म्हणजे त्यावरची कॉन्फिगरेशन फाइलही नाही. स्नॅपशॉटचा, म्हणजे त्या-त्या वेळच्या बॅकअपचा, क्रमांक कुठे बघायचा हे त्याला माहीत नाही. एन्क्रिप्शनच्या किल्लीची फाइल जुन्या डिस्कवरच असेल तर त्याचा बॅकअप कायमचा बंद आहे, आणि हे त्याला आज, या पानावर कळतंय.

चांगलं पान त्या माणसापासून सुरू होईल. पहिलं वाक्य: जुनं मशीन हाताशी नाही असं धरून पुढच्या पायऱ्या दिल्या आहेत. मग लागणाऱ्या गोष्टी: बॅकअप सर्व्हरचा पत्ता आणि लॉगिन, किल्लीची फाइल किंवा पासवर्ड, प्रोग्रामची तीच किंवा त्यानंतरची आवृत्ती. मग स्नॅपशॉटची यादी कशी बघायची. मग एकच छोटी फाइल परत आणून ती उघडते का ते बघायचं, म्हणजे किल्ली बरोबर आहे हे दोन मिनिटांत कळतं. त्यानंतर सगळा डेटा रिकाम्या फोल्डरमध्ये, मूळ जागी थेट नाही, कारण अर्ध्यावर थांबलं तर जुन्या-नव्या फाइलींची सरमिसळ होते. फाइलींचे मालक आणि परवानग्याही परत हव्या असतील तर अॅडमिनचे अधिकार लागतात, ते वेगळं सांगायचं. आणि किल्ली वेगळ्या जागी जपून ठेवण्याची सूचना या पानावर नको. ती पहिल्या बॅकअपच्या पानावर हवी, जिथे तिचा अजून उपयोग आहे.

आता हे पान लिहिताना लेखकाला पडणारे प्रश्न बघा. रीस्टोअर मधेच तुटलं तर पुन्हा चालवल्यावर तिथूनच पुढे जातं की पहिल्यापासून? त्या नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहिलं जातं, ती सोडून दिली जाते की एरर येते? जुन्या आवृत्तीचा बॅकअप नवी आवृत्ती वाचते, पण उलट चालतं का? तुम्ही याची उत्तरं पंधरा मिनिटांच्या कॉलवर द्याल. तीच उत्तरं कोड वाचून आणि प्रयोग करून काढायला लेखकाला अर्धा दिवस लागेल, आणि एखादं चुकीचंही निघेल. तुमच्या पंधरा मिनिटांना पैसे लावा असं आम्ही म्हणतो ते यासाठी.

पानं ठरवताना डानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली डायटॅक्सिस ही चौकट जरूर वाचा. शिकण्यासाठीचा धडा, काम उरकण्यासाठीची कृती, संदर्भासाठीची माहिती आणि समजण्यासाठीचं विवेचन अशा चार प्रकारांची पानं वेगवेगळी ठेवायची, एवढंच तिचं सार. पण चारही कप्पे भरायलाच हवेत म्हणून पानं काढू नका. तुमच्या यादीत ‘एन्क्रिप्शन कसं चालतं’ हे कोणी विचारलं नसेल, तर ते विवेचन पुढच्या खेपेला.

६,००० डॉलरची वाटणी

पैसे स्वीकारायला तुमच्याकडे नोंदणीकृत संस्था नसेल तर फिस्कल होस्ट, म्हणजे तुमच्या वतीने पैसे घेणारी संस्था, लागेल. ओपन कलेक्टिव्ह या पैसे जमवण्याच्या साइटवरचं ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के शुल्क घेतं आणि इन्व्हॉइस, पावत्या, पेमेंट सगळं बघतं. म्हणजे ६०० गेले, हाती ५,४०० राहिले. पुढचा हिशेब समजायला सोपा जावा म्हणून आम्ही लेखक आणि मेंटेनर दोघांनाही ताशी ४५ डॉलर धरले आहेत. तुमचा दर वेगळा असेल तर तासांची संख्या बदला, प्रमाण तेच ठेवा.

लेखकाचे ८० तास: ३,६०० डॉलर.
मेंटेनरचे २४ तास: १,०८० डॉलर.
पानं वापरून बघणाऱ्या पाच नवख्या लोकांना प्रत्येकी ४०: २०० डॉलर.
हाताशी शिल्लक: ५२० डॉलर.

लेखकाच्या ८० तासांतले १२ प्रोग्राम स्वतः बसवून, वापरून बघण्यात आणि इश्यू वाचण्यात जातील. ते वाया गेले असं समजू नका. आठ तास आराखड्याला. लिहायला ४४ तास उरतात आणि त्यात सहा पानं होतील: पहिल्या बॅकअपचा धडा १२ तास, रीस्टोअर ८, नेहमीच्या एरर आणि त्यांवरचे उपाय ८, किल्ल्या सांभाळणं आणि नव्या मशीनवर जाणं ७, वेळापत्रक लावणं ५, आवृत्ती बदलणं ४. धड्याला सर्वांत जास्त वेळ का? त्यातली प्रत्येक पायरी कोऱ्या मशीनवर, प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमवर चालवून बघावी लागते, आणि एक पायरी बदलली की पुढच्या सगळ्या पुन्हा. रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्यांना १० तास, चाचणी आणि काम सोपवण्याला ६.

तुमच्या २४ तासांत पहिल्या आठवड्यात प्रश्नांना ४, आठ आठवडे दर आठवड्याला एक तासाचा कॉल, आणि सहा पानांना प्रत्येकी दोन तास. तिघांपैकी एकाचं नाव यासाठी पक्कं करा. ‘ज्याला वेळ असेल तो बघेल’ असं ठरलं की कोणीच बघत नाही.

चाळीस पानांच्या अपेक्षेनंतर सहा पानं कमी वाटतील, याची आम्हाला कल्पना आहे. पण मर्ज होऊन (म्हणजे प्रोजेक्टमध्ये घेतली जाऊन), खरी ठरून, लोकांना सापडणारी सहा पानं मिळाली तर तुमच्या इश्यूंमधली रोजची झीज थांबेल.

पैसे एका दमात देऊ नका आणि सगळे शेवटासाठीही अडकवू नका. आराखडा मान्य झाल्यावर ७२०, पहिली तीन पानं आल्यावर १,२६०, उरलेली तीन आल्यावर १,२६०, काम सोपवल्यावर ३६०. इथे एक अट फार महत्त्वाची आहे. हप्ता ‘मर्ज झाल्यावर’ असं लिहू नका. मर्जचं बटण लेखकाच्या हातात नाही. पान आल्यापासून कामाच्या पाच दिवसांत तुम्ही लेखी शेरे द्यायचे, लेखकाने एकदा दुरुस्त्या करायच्या की हप्ता देय. पाच दिवसांत शेरे गेले नाहीत तरी हप्ता देय. ही अट लेखकाचं रक्षण करते आणि तुमच्या मानेवर एक तारीखही ठेवते, जी मागच्या वेळी नव्हती. आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच पान, हे करारातच असू द्या.

करारात लायसन्सही लिहा. बरेच प्रोजेक्ट डॉक्स कोडच्याच लायसन्सखाली किंवा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश लायसन्सखाली देतात. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण हे काम सुरू होण्याआधी ठरायला हवं. उदाहरणांतला कोड लोक आपल्या कामात चिकटवतात, म्हणून तेवढा तरी कोडच्या लायसन्सखालीच ठेवा.

या पैशांत काय घेऊ नये

डॉक्सची वेबसाइट एका जनरेटरवरून (पानांची साइट बनवणाऱ्या साधनावरून) दुसऱ्यावर नेणं. लेखकाला, वेबसाइट बघणाऱ्याला आणि तुम्हालाही हे काम आवडेल, दिसेलही छान, आणि ८० तासांतले ५० त्यातच जातील. लिंका तुटतील, जुने शोध निकाल भलतीकडे नेतील, आणि मजकूर होता तेवढाच राहील. स्फिंक्स असो की एमकेडॉक्स, आहे ते चालत असेल तर हात लावू नका. होस्टिंगला पैसे मोजायचीही गरज नाही, रीड द डॉक्स ओपन सोर्स प्रोजेक्टना फुकट जागा देतं.

ऑप्शनची आणि फंक्शनची संपूर्ण यादी हाताने लिहून घेणंही नको. ती कोडमधल्या कॉमेंटवरून आपोआप तयार व्हायला हवी, नाहीतर पुढच्या रिलीजला खोटी ठरते. भाषांतर मूळ पानं वर्षभर स्थिरावल्यावर. व्हिडिओ तर मुळीच नको, एक ऑप्शन बदलला की सगळा पुन्हा करावा लागतो.

एआयकडून चाळीस पानं तासाभरात लिहून घेता येतील, असंही कोणीतरी सुचवेल. येतील. पण तुमची टंचाई मजकुराची नाही, तो खरा आहे का हे सांगणाऱ्या माणसाची आहे, आणि आत्मविश्वासाने लिहिलेलं चुकीचं वाक्य पकडायला जास्त वेळ लागतो. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये अशा एका वाक्याने कोणाचा तरी डेटा जातो. भाषा सुधारायला, मथळे सुचवायला लेखकाने ते साधन वापरलं तर हरकत नाही. पानातली प्रत्येक कमांड मात्र माणसाने चालवून बघितलेली हवी.

आता लेखक

राइट द डॉक्स ही डॉक्युमेंटेशनवर काम करणाऱ्यांची संघटना २०१३ पासून चालू आहे. तिच्या जॉब बोर्डवर जाहिरात द्या. जाहिरातीत तास, दर, सहा पानांची यादी आणि ‘रिव्ह्यूसाठी एक मेंटेनर ठरलेला आहे’ हे लिहा. शेवटचं वाक्य वाचून अनुभवी लोक अर्ज करतात, कारण उघड्या राहिलेल्या पुल रिक्वेस्ट त्यांनीही भोगलेल्या असतात. तुमच्या स्वतःच्या इश्यूंमध्येही शोधा. इतरांच्या प्रश्नांना नीट, पायरी-पायरीने उत्तरं देणारा एखादा वापरकर्ता तिथे असतोच.

दोघांना निवडून प्रत्येकी तीन तासांचं पैसे देऊन काम द्या. १३५ प्रमाणे २७० डॉलर होतात, ते शिल्लक ५२० मधून जातील. काम असं: प्रोग्राम बसवा, पहिला बॅकअप घ्या आणि सध्याचं पान सुधारून द्या. इंग्रजी किती सफाईदार आहे ते नंतर बघा. आधी हे बघा की त्यांनी काय विचारलं. ‘इथे डिस्क भरली तर काय होतं?’ असा प्रश्न आला, इन्स्टॉल करताना आलेली अडचण त्यांनी नोंदवून पाठवली, तर तोच तुमचा माणूस. एकही प्रश्न न विचारता सुंदर पान पाठवणाऱ्याबद्दल सावध राहा. मजकुराचे साचे हवे असतील तर द गुड डॉक्स प्रोजेक्टचे तयार आहेत, ते लेखकाला द्या आणि शैलीवरच्या चर्चा वाचवा.

काम झालं की मोजमाप द्या, कंपनीलाही आणि पुढच्या देणगीदारालाही. दोनच मोजमापं पुरेत. पहिलं, त्या पाच नवख्यांपैकी किती जणांनी कोणालाही न विचारता बॅकअप घेतला आणि परत आणला, आणि किती वेळात. जुन्या पानांवर दोघांना आधीच बसवून बघितलं असेल तर तुलना करता येते, म्हणून ते लेखक यायच्या आधी उरका. दुसरं, त्या सहा विषयांवर तीन महिन्यांत किती इश्यू आले, आधीच्या तीन महिन्यांत किती होते. पानांना भेट देणाऱ्यांची संख्या देऊ नका. ती वाढली तर लोक वाचतायत की अडकतायत हे त्यावरून कळत नाही.

पुढचे पैसे

सगळ्यात जवळचा स्रोत तीच कंपनी आहे. सहा पानं लिहून झाली की ती जुनी व्हायला लागतात. महिन्याला लेखकाचे ४ तास धरले तर ४५ च्या दराने १८० डॉलर, वर्षाला २,१६०. होस्टचं शुल्क धरून २,४०० मागा. पहिल्या ६,००० च्या बोलणीतच हे मांडा, काम संपल्यावर मागितलं तर पुन्हा नव्याने मंजुरी लागते. ‘देणगी’ या शब्दाने कंपन्यांत फाइल अडते. ‘ठरलेल्या कामाचं इन्व्हॉइस’ म्हटलं की तीच रक्कम इंजिनिअरिंगच्या किंवा सपोर्टच्या बजेटमधून निघते. पण एक लक्ष्मणरेषा आखून घ्या: पैसे देणारा विषय सुचवू शकतो, पानात काय लिहायचं ते प्रोजेक्ट ठरवेल.

एकाच कंपनीवर विसंबणं मात्र धोक्याचं. २०२० च्या ऑगस्टमध्ये मोझिलाने सुमारे २५० लोक कमी केले, त्यात एमडीएनवर वेब तंत्रज्ञानाचे डॉक्स लिहिणारेही होते. जगभरचे वेब डेव्हलपर रोज उघडतात अशी ती पानं. त्यानंतर २०२१ च्या जानेवारीत ओपन वेब डॉक्स सुरू झालं. गूगल, मायक्रोसॉफ्ट, इगालिया अशा अनेकांनी ओपन कलेक्टिव्हवर पैसे एकत्र केले आणि त्यातून लेखकांना पगार मिळू लागला. तुमच्या आकाराला हेच छोट्या प्रमाणात करता येईल: प्रोग्राम वापरणाऱ्या चार कंपन्या शोधा आणि प्रत्येकीकडून वर्षाला ६०० मागा. एक गेली तर तीन उरतात.

ग्रँटमध्ये नेदरलँड्सचं एनएलनेट फाउंडेशन बघा. पहिल्या अर्जाला साधारण ५,००० ते ५०,००० युरोपर्यंत मिळतात आणि पैसे टप्पा पूर्ण झाल्यावर येतात, म्हणजे लेखकाला वेळेवर द्यायचे तर थोडी गंगाजळी हवी. तिथे नुसत्या डॉक्ससाठी अर्ज करण्यापेक्षा कोडच्या एखाद्या कामाचा टप्पा म्हणून डॉक्स बसवा. फ्लॉस फंड २०२४ मध्ये सुरू झाला, तो १०,००० ते १,००,००० डॉलर देतो. त्यासाठी प्रोजेक्टची गरज सांगणारी, ठरलेल्या नमुन्याची जेसन फाइल आपल्या साइटवर किंवा रेपोमध्ये (कोड ठेवतो त्या जागी) ठेवावी लागते. आउटरीची या इंटर्नशिपच्या कार्यक्रमात डॉक्युमेंटेशनचं कामही बसतं, इंटर्नला तीन महिन्यांचं ७,००० डॉलर मानधन मिळतं. पण इंटर्न शिकायला येतो, मेंटरचे तास तिथे २४ हून कितीतरी जास्त लागतात. तुमची सध्याची स्थिती बघता यंदा तो मार्ग धरू नका.

गूगलचा सीझन ऑफ डॉक्स हा खास याच कामासाठीचा कार्यक्रम होता. २०१९ मध्ये सुरू झाला, २०२१ पासून थेट प्रोजेक्टना ५,००० ते १५,००० डॉलरची ग्रँट देऊ लागला, आणि २०२४ च्या फेरीनंतर बंद झाला. जुन्या लेखांत त्याचं नाव अजून सापडतं, त्यावर भिस्त ठेवू नका. पण ग्रँट मिळालेल्या प्रोजेक्टनी शेवटी लिहिलेले अहवाल वाचायला मिळाले तर चार-पाच जरूर वाचा. बजेट कसं केलं, काय फसलं, हे त्यांत मोकळेपणाने लिहिलेलं असतं.

पैसे लागत नाहीत अशा दोन गोष्टी याच आठवड्यात करा. पुल रिक्वेस्टच्या साच्यात एक ओळ घाला: ‘वापरणाऱ्याला दिसणारा काही बदल आहे का? असेल तर कोणतं पान बदललं?’ आणि उत्तर नसेल तर मर्ज करू नका. दुसरं, डॉक्स कोडच्याच रेपोमध्ये आणा आणि प्रत्येक बदलाबरोबर पानांतल्या कमांड आपोआप चालवून बघणारी, लिंका तपासणारी चाचणी लावा. कमांड मोडली की बिल्ड (प्रोग्रामची आपोआप होणारी बांधणी) मोडेल, म्हणजे पान जुनं झाल्याचं तुम्हाला त्याच दिवशी कळेल.

आणि ती चाळीस पानं

ती पुल रिक्वेस्ट नुसती बंद करू नका. वरची यादी हातात घेऊन तिच्यातली पानं चाळा, वाचू नका. सहा विषयांपैकी तीन-चार तरी तिथे असतील. तेवढी वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) काढा, प्रत्येकाची स्वतंत्र पुल रिक्वेस्ट करा, कमिटवर (बदलाच्या नोंदीवर) मूळ लेखकाचं नाव राहू द्या. मधल्या दोन रिलीजच्या बदलांची यादी शेजारी ठेवून फक्त बदललेल्या गोष्टी तपासल्या, तर पानामागे तासाहून जास्त लागणार नाही. बाकीची पानं एका फोल्डरमध्ये ‘तपासायची आहेत’ असं लिहून ठेवा, साइटवर आणू नका.

मग त्या लेखकाला मेल लिहा. उशीर आमच्याकडून झाला हे पहिल्या ओळीत, कोणती पानं कधी मर्ज होतायत हे दुसऱ्या ओळीत. तिसऱ्या ओळीत नव्या कामाचे ८० तास, दर, आणि रिव्ह्यूसाठी नेमलेल्या मेंटेनरचं नाव. प्रोग्राम त्यांना आधीच माहीत आहे, म्हणजे पहिल्या १२ तासांतले निम्मे वाचतील. नव्या माणसासाठी जाहिरात देण्याआधी त्यांच्या उत्तराची आठवडाभर वाट बघा.